पाखरांची शिरगणती व खरी साक्ष

अभ्यासाकरिता शास्त्रभाग : उत्पत्ती २:१९-२०; अनुवाद २२:६-७; २ शमुवेल २४:१-१०; लूक १२:६-७ व १५:३-७.



शेजारच्या दोन गावांत चढाओढ लागली म्हणजे तिचा शेवट कोठे होतो हे आपणा वऱ्हाडातील लोकांस सांगावयास नको. शंकरपटात कोणाची जोडी पुढे गेली, कुस्तीच्या फडात कोणाचा गडी चीत झाला, ह्यावरून वर्षानुवर्षे अबोला धरून बसलेली गावे आहेत. आणि खेदाची गोष्ट ही की, भजनाच्या स्पर्धेवरून मंडळ्यामंडळ्यांतही मने दुखावतात. म्हणून सामन्याची गोष्ट काढली की पुष्कळ वडील माणसे कपाळास आठ्या घालतात, व त्यात ती अगदीच चुकतात असे नाही. परंतु ज्या सामन्याविषयी ह्या पाठात लिहावयाचे आहे त्यात बैल धावत नाहीत, माणूस पडत नाही, आणि जिंकणाऱ्याच्या हाती बहुधा एका कागदाखेरीज काही येत नाही. हा सामना पाखरे पाहण्याचा व मोजण्याचा होय. चिखली, बुलढाणा, मेहकर, देऊळगाव राजा ह्या शेजारच्या तालुक्यांतील मंडळ्यांनी तो आपसात का व कसा करावा, आणि त्यात विश्वासणाऱ्याची कोणती परीक्षा होते, हे आपण पाहू.

रीत अशी आहे. दोन किंवा अधिक भागांतील लोक एकच दिवस ठरवितात. प्रत्येक बाजूचे लोक तीन-तीन, चार-चार जणांच्या टोळ्या करून पहाटेपासून आपापल्या हद्दीत हिंडतात, आणि जो जो पक्षी दिसेल अथवा ज्याचा शब्द नि:संशय ओळखता येईल, त्याचे नाव, वेळ, ठिकाण व संख्या वहीत टिपून ठेवितात. सायंकाळी याद्या एकत्र करितात, कोणाच्या हद्दीत अधिक जाती आढळल्या ते जाहीर करितात, चहा घेतात व घरी जातात. २००५ साली मुंबईत अशी पक्ष्यांची शर्यत सुरू झाली, व पुढे ती देशातील इतर शहरांतही होऊ लागली. (धावणारे अर्थात पक्षी नव्हेत, पाहणारे.)

ह्याहून मोठी मोजणी दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस होत असते. ती १९९८ साली अमेरिकेत सुरू झाली, व २०१३ पासून आपल्या देशातील लोकही तीत भाग घेत आले आहेत. कोणीही मनुष्य आपल्या अंगणात किंवा शेताच्या बांधावर निदान १५ मिनिटे थांबून दिसलेले सर्व पक्षी मोजतो, आणि ती यादी मोबाइलवरून ई-बर्ड नावाच्या संग्रहात पाठवितो. मग राज्याशी राज्याची व जिल्ह्याशी जिल्ह्याची तुलना आपोआप होते. २०२३ च्या मोजणीत सर्वांत अधिक जाती पश्चिम बंगालात नोंदल्या गेल्या. सर्वांत अधिक याद्या मात्र केरळातून आल्या. हे दोन मान दोन निरनिराळ्या राज्यांस मिळाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. बंगालास हिमालयही आहे आणि समुद्रही आहे. ती देणगी होय. केरळातील लोक घराघरांतून उठून मोजावयास बसले; ते कष्ट होत. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील दाखल्यात ज्यास पाच मिळाले होते व ज्यास दोनच मिळाले होते, त्या दोघाही दासांस धन्याने एकाच शब्दांत शाबासकी दिली, हे वाचकांस आठवत असेल.

चिखलीकरांस ही गोष्ट विशेष उपयोगी आहे. बुलढाणा व खामगाव ह्यांच्यामध्ये ज्ञानगंगेचे अभयारण्य आहे. मेहकराच्या पलीकडे लोणारचे सरोवर आहे, ज्यास २०२० साली रामसर कराराच्या यादीत पाणथळ म्हणून स्थान मिळाले. देऊळगाव राजाकडे खडकपूर्णा धरणाचे विस्तीर्ण पाणी आहे. चिखलीच्या बहुतेक गावांच्या वाट्यास काय? काळ्या रानातील सोयाबीन, तूर व हरभऱ्याची शेते, बांधावरची बाभूळ व कडुनिंब, एखादा पाझर तलाव. तेथे टिटवी, कोतवाल, वेडा राघू, साळुंकी, सातभाई, चंडोल, होला व तित्तिर आढळतील. हिवाळ्यात धोबी पक्षी येतील, आणि मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतील, ज्यांस हाकलताना आपल्या मुलांचे हात गोफणीने दुखतात. जातींच्या संख्येत चिखली हरेल, हे आधीच सांगून ठेवावे. मोजणाऱ्या घरांच्या संख्येत तिने हरण्याचे काही कारण नाही.

ह्या सामन्याचा उगम आपल्या मंडळ्यांनी मुद्दाम ऐकावा असा आहे, कारण तो नाताळाच्या सणाशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेत कित्येक ठिकाणी नाताळात शिकारीचा एक खेळ चाले. लोक दोन पक्ष करून बंदुका घेऊन रानात जात आणि पिसांचे वा केसांचे जे दिसेल ते मारीत; सायंकाळी ज्या पक्षाचा मेलेल्या जीवांचा ढीग मोठा, तो पक्ष जिंकला. आणि हा शांतीच्या अधिपतीच्या जन्माचा सण! १९०० साली फ्रँक चॅपमन ह्या पक्षिशास्त्रज्ञाने आपल्या नियतकालिकातून सुचविले की, बाजू तशाच राहू द्या, चढाओढही राहू द्या; मात्र पाखरे मारू नका, मोजा. त्या वर्षी २५ डिसेंबरास २५ ठिकाणी मिळून २७ माणसांनी मोजणी केली व सुमारे ९० जाती नोंदल्या. सत्तावीस माणसे! आपल्या लहानशा खेड्यातील उपासनेसही कधी कधी ह्याहून अधिक जण असतात. तो क्रम सव्वाशे वर्षे चालत आला आहे व आता हजारो लोक त्यात भाग घेतात. यशयाने तलवारीचे फाळ होतील असे सांगितले. फाळ झाला तरी लोखंड तेच असते, हे ह्या गोष्टीत चांगले दिसते.

आपल्या महाराष्ट्र देशी हे काम करणाऱ्यांत एक मिशनरीही होते. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक (१८२२ ते १८९८) हे अहमदनगर जिल्ह्यात वडाळे येथे पुष्कळ वर्षे राहिले. गावोगावच्या मंडळ्यांचा भार त्यांजवर असताही त्यांनी मराठी मुलुखातील पक्ष्यांच्या याद्या तयार करून १८७० नंतरच्या दशकात छापविल्या. आणि दक्षिणेकडील पळणी डोंगरातील एका पक्ष्यास १८६९ सालापासून शास्त्रात त्यांचेच नाव आहे. सुवार्तेच्या कामात पाखरांकडे पाहावयास वेळ कोठून मिळणार, असे म्हणणाऱ्या उपदेशक बंधूंनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. मंडळीच्या भेटीस जाताना वाट तर आपण सर्वच चालतो.

आता कोणी विचारील : मोजणीस पवित्र शास्त्र अनुकूल आहे काय? दाविदाने लोकांची शिरगणती केली व त्यामुळे इस्राएलावर मरी आली, असे २ शमुवेल २४ मध्ये आहे. शंका योग्य आहे. यवाब नऊ महिने व वीस दिवस देशभर हिंडला, इस्राएलाचे आठ लक्ष व यहूदाचे पाच लक्ष असे आकडे त्याने आणून दिले, आणि आकडा हाती पडताच राजाचे मन त्यास खाऊ लागले. परंतु लूक १५ मधील मेंढपाळही मोजणाराच आहे. शंभरातले एक हरवले हे त्यास कळले कसे? मोजल्यावाचून कळले नाही. आपल्या गावी शेळ्या राखणारा पोरगा दिवस मावळता वाड्याच्या तोंडाशी उभा राहून एकेक शेळी आत घेतो आणि एक कमी भरली की भाकरीस न बसता माघारी रानात धावतो, तसेच हे. आपल्याजवळ किती आहे हे पाहून छाती फुगविण्याकरिता दाविदाने मोजले. आपल्याजवळ काय नाही हे कळावे म्हणून मेंढपाळाने मोजले.

काय नाही हे कळणे किती महत्त्वाचे आहे ते गिधाडांवरून समजते. जेथे मढे तेथे गिधाडे जमतात, असे प्रभूने मत्तय २४:२८ मध्ये म्हटले; ऐकणाऱ्यांस ती रोजच्या पाहण्यातली गोष्ट होती. आपल्या वडिलांसही होती. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले म्हणजे आकाशातून गिधाडे उतरत व थोड्याच वेळात हाडे तेवढी राहत. १९९० नंतरच्या दशकात ती झपाट्याने नाहीशी झाली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पूर्वीच्या मोजणीचे आकडे जपून ठेविलेले होते, म्हणूनच तेथे किती होती व किती उरली हे दाखविता आले. कारण २००४ साली उघडकीस आले : जनावरांस दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक नावाचे औषध. ते अंगात असलेले मेलेले जनावर खाल्ले म्हणजे गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होऊन ते मरते. २००६ साली सरकारने जनावरांच्या उपचारात त्या औषधास बंदी केली. परंतु तोवर पांढऱ्या पाठीच्या व लांब चोचीच्या गिधाडांपैकी शेकडा ९० हून अधिक नष्ट झाली होती. आमच्या जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात कोणी वही ठेविली असती तर तिचा काही उपयोग झाला असता. निदान आज आपल्या नातवंडांस सांगावयास तिच्यात एक आकडा तरी असता.

अशा लाखो साध्या याद्यांवरून २०२३ साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या ३३८ जातींविषयी दीर्घकाळचा पुरेसा पुरावा मिळाला, त्यांपैकी २०४ जाती घटलेल्या आढळल्या, ९८ स्थिर, व ३६ वाढलेल्या. घटलेल्यांत आपला नीळकंठ आहे, तारेवर बसणारा व उडताना निळे पंख झळकविणारा, शेतातील किडे खाणारा. तो आपल्या शिवारात कमी झाला की नाही हे दुसऱ्या कोणास सांगता येणार नाही.

येथे लूक १२:६-७ काढून वाचावे, व त्याबरोबर मत्तय १०:२९ ही. मत्तयात एका नाण्यास दोन चिमण्या आहेत. लूकात दोन नाण्यांस पाच. हिशेबाने चार व्हावयास पाहिजेत. पाचवी, बाजारातील रीतीप्रमाणे, वरताव्यात घातलेली. तिला किंमतच नाही. आणि प्रभू म्हणतो की, देवास त्या पाचव्या चिमणीचाही विसर पडत नाही. पाखरांच्या सामन्यात पहिला मोह होतो तो हाच, की पाचव्या चिमणीकडे पाहू नये. तरुण पोरे दुर्मिळ पक्ष्याच्या मागे कोसभर धावतात आणि छपरावरच्या चिमण्या, कावळे, पारवे लिहावयाचे विसरतात, का तर त्यात प्रतिष्ठा नाही. पण ज्या यादीत चिमणी नाही ती यादी वाचून पुढील पिढीतील मनुष्य म्हणेल की, त्या वर्षी चिखलीस चिमण्या नव्हत्या. अपूर्ण यादीही खोटे बोलू शकते.

ह्यावरून आपण ह्या सामन्यातील मुख्य परीक्षेकडे येतो. कुस्तीत पंच असतो, शंकरपटात घड्याळ असते. येथे पहाटेच्या धुक्यात तीन माणसे व एक वही असते. चवथा पाहणारा कोणी नाही. तुम्ही अनोळखी पक्षी लिहिला तर ई-बर्डकडील स्वयंसेवक परीक्षक कदाचित विचारणा करितील. परंतु दहा साळुंक्यांच्या जागी चाळीस लिहिल्या तर जगात कोणास कळावयाचे नाही. सूर्य मावळावयास आला आहे, मेहकरकरांची यादी आपल्याहून दोन नावांनी मोठी आहे असे फोनवरून कळले आहे, आणि बांधापलीकडच्या तुरीतून काहीतरी भुर्रकन उडाले. लावा असेल काय? "लावाच तो, लिही!" असे म्हणणारा प्रत्येक टोळीत एक असतोच. निर्गम २०:१६ मध्ये खोटी साक्ष मना केली आहे, आणि ती शेजाऱ्याविरुद्ध मना केली आहे. येथे शेजारी कोण हे शोधावे लागत नाही. तो मेहकरात आपली यादी घेऊन बसला आहे, व न पाहिलेला लावा लिहून आपण त्याचेच काही चोरतो.

योहान ९ मधील जन्मांध मनुष्य ह्या बाबतीत आमचा आदर्श आहे. परुश्यांनी त्यास पुष्कळ खोदून विचारले. त्याने आपणास जे ठाऊक होते तेवढे सांगितले, व जे ठाऊक नव्हते ते ठाऊक नाही म्हटले. एकही पक्षी त्याने यादीत वाढविला नाही.

उपदेशक बंधूंनो, येथे पाखरे क्षणभर बाजूस ठेवू. वर्षाच्या शेवटी आपण जो अहवाल लिहितो त्यात उपासनेस सरासरी किती जण, शब्बाथशाळेत मुले किती, कुटुंब-प्रार्थना करणारी घरे किती, असे रकाने असतात. श्रावणात पाऊस लागला म्हणजे रविवारी अकरा जण येतात. अहवालात चाळीस उतरतात, कारण शेजारच्या मंडळीने पंचेचाळीस लिहिल्याचे ऐकलेले असते. मग त्या चाळिसांच्या आधारावर पुढील वर्षाचा विचार होतो, आणि जे एकोणतीस कधी नव्हतेच त्यांना शोधावयास कोणी जात नाही. जी खरी हरवलेली होती तीही त्यातच बुडून जातात. लूक १६:१० मधील थोडक्याविषयीचे वचन येथे अक्षरशः लागू आहे. संशयाचा लावा ज्याने हातची बाजी सोडून खोडून टाकिला, त्याचा अहवाल आम्ही न तपासता स्वीकारू. ई-बर्डच्या रीतीत एक चिन्ह फार शहाणपणाचे आहे : पक्षी होता, पण किती होते ते मोजले नाही, असे असेल तर आकड्याच्या जागी एक फुली लिहावयाची. आमच्या छापील अहवालपत्रकात अशा फुलीची सोय झाली तर बरे होईल असे पुष्कळदा मनात येते.

आता सामन्याच्या नियमांविषयी थोडेसे. घरट्याजवळ जाऊ नये. अनुवाद २२:६-७ मध्ये पिलांवर बसलेल्या आईस धरू नये अशी आज्ञा आहे, व तिच्याबरोबर दीर्घायुष्याचे तेच अभिवचन आहे जे आईबापांच्या सन्मानाविषयीच्या आज्ञेबरोबर आहे. शास्त्रात लहान म्हणून बाजूस टाकण्याजोगी ही आज्ञा नव्हे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्यास बोलावू नये. विणीच्या दिवसांत तो बिचारा शत्रू आला समजून घरटे सोडून येतो. पिंजऱ्यातील पोपट यादीत धरू नये, आणि ज्या विश्वासणाऱ्याच्या ओसरीवर असा पिंजरा टांगलेला असेल त्याने हेही जाणावे की, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातील पोपट पाळणे हा गुन्हा आहे. घुबड व पिंगळा अवश्य लिहावे. छपरावर पिंगळा ओरडला तर घरात कोणी दगावेल, आणि रात्री टिटवी ओरडली तर अशुभ, असे बाप्तिस्मा घेऊन वीस वर्षे झालेली माणसेही हळूच बोलतात. त्या दोघांची नावे चारचौघांत आनंदाने मोजली गेली म्हणजे ही भीती कितीतरी उतरेल. रविवारी उपासनेची वेळ टाळून मोजू नये. फेब्रुवारीच्या मोजणीत रविवार येतो खरा, पण दिवस चार आहेत.

आणखी एक. आपल्या भागात पाखरे ओळखण्यात फासेपारधी बांधवांचा हात कोणी धरणार नाही. तित्तिराचा आवाज कोठून येतो, लावा कोणत्या गवतात बसतो, हे त्यांस पुस्तकावाचून कळते. अकोला व वाशीम जिल्ह्यांत त्यांच्यातील लोकांनी तणमोर ह्या दुर्मिळ पक्ष्याच्या व त्याच्या गवती माळांच्या रक्षणाच्या कामात हातभार लाविला आहे. ज्या टोळीत असा एक मनुष्य गुरू म्हणून येईल ती टोळी भाग्यवान. त्यास मागे चालवू नये, पुढे चालवावे, आणि त्याच्या पूर्वीच्या धंद्यावर त्या दिवशी प्रवचन करू नये.

दिवस कोणता धरावा? २०२० सालापासून महाराष्ट्र शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली ह्यांचा. सालिम अलींनी बालपणी छऱ्याच्या बंदुकीने एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली. ती कोणती हे विचारावयास ते मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळात गेले, आणि त्या एका चिमणीपासून त्यांचे जन्माचे काम सुरू झाले. पावसाळा सरलेला, थंडीचे पाहुणे आलेले, शिवार अजून हिरवे, असा तो सप्ताह आपणांस सोयीचा आहे.

चितमपल्ली ह्यांनी पक्ष्यांची मराठी नावे गोळा करण्यात आयुष्याचा मोठा भाग घालविला. २०२५ साली ते वारले. उत्पत्ती २:१९-२० मध्ये देवाने आदामाकडून मोजून घेतले नाही, आधी नावे ठेवविली. म्हणून वहीत पहिला रकाना आपल्या गावच्या नावाचा असावा. नीळकंठास कोठे तास म्हणतात, कोठे चास. तुमच्या आजीबाई काय म्हणतात ते जसेच्या तसे लिहा, पुस्तकातले नाव शेजारी मागाहून लिहिता येईल. पक्षी टोळीतील निदान दोघांनी पाहिला किंवा ऐकला तरच तो धरावा. ओळख पटली नाही तर "वटवट्या, जात कळली नाही" असे लिहावे. त्याला लाज नाही.

याद्या तयार झाल्यावर त्या आपल्याच मंडळीत वाचू नयेत. चिखलीची यादी मेहकरच्या उपदेशकाने मेहकरात वाचावी, मेहकरची चिखलीत वाचली जावी. आणि वाचताना आरंभ चिमणीपासून करावा.